पिस्तूल बाळगण्याआधी नेमके काय शिकवावे?

अमेरिकेतील टेक्सास राज्यात कपड्यांआड पिस्तूल बाळगण्याचा परवाना हवा असेल, तर उमेदवाराला चार ते सहा तास वर्गात बसावे लागते आणि मग कागदी निशाणावर ५० गोळ्या झाडून दाखवाव्या लागतात. त्यांपैकी २० गोळ्या ३ यार्डांवरून, २० गोळ्या ७ यार्डांवरून आणि उरलेल्या १० गोळ्या १५ यार्डांवरून झाडायच्या असतात. २५० पैकी १७५ गुण मिळाले की उमेदवार उत्तीर्ण होतो. ३ यार्ड म्हणजे जेमतेम पावणेतीन मीटर. एवढ्या जवळून हालचाल न करणाऱ्या कागदाला भोक पाडणे फारसे कठीण नाही. १ सप्टेंबर २०२१ पासून मात्र हा परवानाच ऐच्छिक झाला, आणि शस्त्र बाळगण्यास कायद्याने अपात्र नसलेली, २१ वर्षे पूर्ण केलेली व्यक्ती कोणतेही प्रशिक्षण न घेता पिस्तूल सोबत ठेवू शकते. व्हर्माँट राज्यात अशा परवान्याची अट कधीच नव्हती, अलास्काने ती २००३ मध्ये काढून टाकली आणि २०२४ पर्यंत अशा राज्यांची संख्या ५० पैकी २९ झाली.

प्रशिक्षणाची सक्ती घटनाबाह्य ठरते, असा समज अनेकदा ऐकू येतो, पण तो बरोबर नाही. २३ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्क राज्याची ‘खास कारण दाखवा, तरच परवाना’ ही अट रद्द केली. मात्र पार्श्वभूमीची तपासणी किंवा सुरक्षिततेचा अभ्यासक्रम मागणाऱ्या परवाना पद्धतींवर आपण शंका घेत नाही, असेही त्याच निकालात नमूद केले. त्यामुळे खरा प्रश्न निराळाच आहे आणि तो शिकण्याच्या विज्ञानाचा आहे. काही तासांच्या वर्गातून प्रत्यक्ष संकटाच्या क्षणी उपयोगी पडेल असे काही माणसाच्या हाती लागते का?

याचा अंदाज घेण्यासाठी आधी पोलिसांकडे पाहावे लागते, कारण त्यांच्या प्रत्येक गोळीची नोंद होते. रँड या संशोधन संस्थेने २००८ मध्ये न्यूयॉर्क शहर पोलिसांच्या शस्त्र प्रशिक्षणाचे परीक्षण केले. १९९८ ते २००६ या काळात, समोरूनही गोळीबार होत असताना पोलिसांनी झाडलेल्या दर १०० गोळ्यांपैकी सरासरी १८ गोळ्याच लागल्या होत्या. समोरची व्यक्ती गोळीबार करत नसतानाही हे प्रमाण ३० च होते. हे सगळे नेमबाजीची चाचणी नियमितपणे देणारे लोक होते. उरलेल्या ८२ गोळ्याही कुठेतरी जातातच, आणि शहराच्या रस्त्यावर ‘कुठेतरी’ म्हणजे बहुधा कुणाच्या तरी दिशेने.

असे का होते, याचे उत्तर शरीरात आहे. जिवावरचा धोका जाणवताच ॲड्रेनलिन स्रवते, हृदयाचे ठोके वाढतात, मोठ्या स्नायूंना पळण्याचे किंवा लढण्याचे बळ मिळते. पण चाप हलकेच आणि सरळ मागे ओढण्यासाठी बोटांवर जो बारीक ताबा लागतो, तो ढळतो. डेव्हिड क्लिंगर हे संशोधक पूर्वी स्वतः पोलीस होते. गोळी झाडावी लागलेल्या ८० पोलिसांशी बोलून त्यांनी ११३ प्रसंगांची माहिती गोळा केली. सुमारे निम्म्या प्रसंगांत नजर बोगद्यातून पाहिल्यासारखी आक्रसली होती, आणि पाचांपैकी चार प्रसंगांत आवाज, कित्येकदा स्वतःच्या पिस्तुलाचाही, दबल्यासारखा ऐकू आला होता. शूटिंग रेंजवर, कानांवर संरक्षक चढवून आणि प्रशिक्षकाच्या हुकुमाची वाट पाहत उभे असताना, यांतले काहीच अनुभवास येत नाही.

नेदरलँड्समधील निउवेनहाउस आणि औडेयान्स या संशोधकांनी नेमके हेच तपासले. त्यांनी पोलिसांसमोर कागदाऐवजी साबणाच्या रंगीत गोळ्या उलट झाडणारा माणूस उभा केला. गोळी लागली तर दुखते, एवढा धोका पुरेसा ठरला : पोलीस घाईने गोळी झाडू लागले, त्यांच्या पापण्या अधिक मिटू लागल्या आणि नेम बिघडला. पण प्रयोगाचा पुढचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. ज्यांनी अशाच दबावाखाली थोडा सराव केला, त्यांचा नेम दबावातही टिकू लागला आणि चार महिन्यांनंतरही तो फायदा दिसून आला. नेहमीच्या शांत वातावरणात तितकाच सराव केलेल्यांना तो मिळाला नाही. थोडक्यात, जे शिकायचे ते ज्या अवस्थेत वापरायचे, त्याच अवस्थेत शिकावे लागते. टेक्सासच्या चाचणीत तर कपड्यांआडून पिस्तूल बाहेर काढण्याचीही परीक्षा होत नाही, आणि छुपे पिस्तूल वापरायचे झाल्यास पहिली कृती तीच असते.

तेव्हा सक्ती निरर्थक आहे, असे म्हणायचे का? मला तसे वाटत नाही, पण सक्ती नेमबाजीची असावी, हा आग्रह मात्र चुकीचा वाटतो. एक जुना निष्कर्ष येथे विचारात घ्यायला हवा. १९९५ मध्ये हेमेनवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अमेरिकेतील बंदूकमालकांच्या सर्वेक्षणात असे आढळले, की प्रशिक्षण घेतलेले लोकच घरात बंदूक भरलेली आणि कुलूप न लावता ठेवण्याची शक्यता अधिक होती. यावरून प्रशिक्षणामुळे माणूस बेफिकीर होतो, असे सिद्ध होत नाही, कारण बंदूक सतत हाताशी हवी असणारेच मुळात अशा वर्गांना जात असतील. तरीही वर्गात मिळालेला आत्मविश्वास आणि मिळालेली सावधगिरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यातून ध्यानात येते.

शिवाय अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. २०२२ मधील सुमारे ४८,००० मृत्यूंपैकी सुमारे २७,००० आत्महत्या होत्या. तिथे नेम चांगला असून काय उपयोग? घरातील कुणी खचलेले असेल तेव्हा पिस्तूल कुठे ठेवावे, गाडीत ते का सोडू नये, पार्किंगवरून झालेल्या भांडणात दोन पावले मागे कसे यावे, आणि गोळी झाडण्याची मुभा कायदा नेमकी केव्हा देतो, हे मात्र वर्गात बसून शिकता येते. न्यूयॉर्कने २०२२ च्या निकालानंतर केलेल्या कायद्यात १६ तासांचा वर्ग आणि २ तासांचा प्रत्यक्ष गोळीबार सक्तीचा केला असून, अभ्यासक्रमात सुरक्षित साठवण, वाद शमवणे आणि आत्महत्या प्रतिबंध यांचा समावेश आहे. १८ तासांचे शुल्क आणि बुडणारा रोजगार गरिबाला जड जातो, हा त्यावरचा आक्षेप खरा आहे आणि त्यावर उपाय म्हणून शुल्क सरकारने भरावे. पण रेंजवर दोन तास आणि वर्गात सोळा, ही विभागणी मला पटते.