‘चीनचा तिबेट प्रदेश’ : एका नावामागची पार्श्वभूमी

ऑगस्ट २०२५ मध्ये भारत आणि चीनने लिपुलेख, शिपकी ला आणि नथू ला या तीन खिंडींतून सीमाव्यापार पुन्हा सुरू करायचे ठरवले. यातल्या पहिल्या दोन खिंडींची नावे २९ एप्रिल १९५४ च्या करारातही आहेत. तो करार आपण ‘पंचशील’ म्हणून ओळखतो आणि त्यातली पाच तत्त्वे शाळेत पाठ केलेली असतात. कराराचे खरे नाव मात्र सहसा कुणी वाचत नाही. मराठीत सांगायचे तर ते असे होईल : ‘चीनचा तिबेट प्रदेश आणि भारत यांच्यातील व्यापार व दळणवळणविषयक करार’. त्यातले पहिले तीन शब्द भारताने कसे स्वीकारले, हे समजले की पुढच्या सत्तर वर्षांतले बरेच काही उलगडते.

फाहियान, ह्युएन त्संग, नालंदा हा भाग वाचकांना ठाऊक आहे, त्याची उजळणी करत नाही. एकच गोष्ट सांगण्यासारखी आहे. ह्युएन त्संग इ. स. ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन परतला आणि उरलेली एकोणीस वर्षे भाषांतरात घालवली. त्याच्या नावावर एक नियम सांगितला जातो : पाच प्रकारच्या शब्दांचे भाषांतर करायचे नाही, चिनी लिपीत त्यांचा उच्चारच लिहायचा. धारणीसारखे गूढ शब्द, ‘भगवत्’सारखे अनेकार्थी शब्द, जंबूवृक्षासारख्या चीनमध्ये नसलेल्या वस्तूंची नावे, आधीच रुळलेले शब्द, आणि ‘प्रज्ञा’सारखे शब्द, ज्यांचा अर्थ सांगितला की त्यांचे वजन कमी होते. प्रज्ञेला ‘शहाणपण’ म्हटले तर वाचकाला ते सोपे वाटेल आणि तो पुढे जाईल, म्हणून ‘प्रज्ञा’ तशीच ठेवायची. दुसऱ्याचा शब्द आपल्या भाषेत घेताना काय हरवते, याची एवढी काळजी या दोन देशांच्या व्यवहारात पुन्हा कधी दिसली नाही. विसाव्या शतकातल्या तहांत तर मुळीच नाही.

चोळांनी सोंग दरबारात पाठवलेली शिष्टमंडळे, कालिकतला लागणारी मिंग जहाजे, हे सगळे सुंदर आहे. पण त्या काळात भारत आणि चीन एकमेकांचे शेजारी नव्हते, ही बाब नेहमी निसटते. मध्ये तिबेट होता. त्याची लिपी भारतीय वळणाची आणि त्याचे धर्मग्रंथ मुख्यतः संस्कृतातून आलेले. शांतरक्षित आणि अतीश हे त्याचे आचार्य भारतातूनच गेले. बीजिंगशी त्याचे नाते वेगळ्या प्रकारचे होते. ‘दलाई लामा’ ही पदवी १५७८ मध्ये एका मंगोल खानाने दिली. पुढे चीनच्या मांचू सम्राटांनी ल्हासात आपले अंबान, म्हणजे निवासी अधिकारी, ठेवले. तिबेटी लोक या नात्याला गुरू आणि यजमानाचे नाते म्हणत. यजमानाने रक्षण करायचे, गुरूने आशीर्वाद द्यायचा. कोण वरचा हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या घरी आपल्याला हवा तसा सोडवायचा.

मराठी वाचकाला हे समजायला जड जाऊ नये. १७८४ मध्ये महादजी शिंद्यांनी पेशव्यांसाठी वकील-ए-मुतलक, म्हणजे बादशहाचा सर्वाधिकारी प्रतिनिधी, हे पद मिळवले ते दिल्लीच्या बादशहाकडूनच, आणि तोच बादशहा त्या वेळी महादजींच्या संरक्षणात होता. मालक कोण आणि चाकर कोण, याचे उत्तर कागदावर एक आणि छावणीत दुसरे. अशी नाती शतकभर चालतात. अडचण येते ती कुणी त्यांची इंग्रजी कायद्यात व्याख्या करायला बसले की.

ती वेळ १९०४ नंतर आली. ब्रिटिश फौज ल्हासापर्यंत गेली आणि तिबेटींशी परस्पर तह करून आली. त्याच्या आदल्याच वर्षी हिंदुस्थानच्या व्हाइसरॉयने तिबेटवरची चिनी सत्ता ही निव्वळ कागदी कल्पना असल्याचे लंडनला कळवले होते. मग त्या तहाला चीनची संमती मिळवण्यासाठी १९०५ मध्ये कलकत्त्यात वाटाघाटी झाल्या आणि त्या एका शब्दावर अडल्या. ब्रिटिश म्हणत होते, चीनकडे तिबेटची ‘सुझरेन्टी’ आहे, म्हणजे अधिसत्ता : वडीलकीचा मान, पण पूर्ण मालकी नाही. चिनी प्रतिनिधी म्हणत होता, ‘सॉव्हरिन्टी’, म्हणजे सार्वभौमत्व. या हट्टामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. र्‍युक्यू, अन्नाम (आजच्या व्हिएतनाममधले), ब्रह्मदेश, कोरिया या सर्व ठिकाणी चीनचा असाच सैल वडीलकीचा मान होता आणि तीस वर्षांत ती सगळी राज्ये एकेक करून जपान, फ्रान्स आणि ब्रिटनच्या वर्चस्वाखाली गेली होती. अधिसत्ता म्हणजे उद्या हातून जाणारी जमीन, हा धडा चीन तेव्हा शिकला आणि तो त्याने आजपर्यंत विसरलेला नाही. १९०६ मध्ये बीजिंगला करार झाला, पण त्यात दोन्हींपैकी एकही शब्द नाही. पुढच्याच वर्षी ब्रिटन आणि रशियाने आपसात करार केला आणि त्यात चीनची ‘अधिसत्ता’ लिहून टाकली. त्या कराराच्या मेजावर चीन नव्हता, तिबेटही नव्हता.

१९११ च्या क्रांतीत मांचू राजवट कोसळली, तिबेटने चिनी सैन्य बाहेर काढले आणि १९१३ च्या ऑक्टोबरात सिमल्यात त्रिपक्षीय परिषद बसली. तिबेट इथे बरोबरीचा पक्ष होता. ठरलेला मसुदा असा : तिबेट चीनच्या अधिसत्तेखाली, पण बाह्य तिबेट, म्हणजे ल्हासाकडचा भाग, स्वायत्त. चिनी प्रतिनिधीने एप्रिल १९१४ मध्ये मसुद्यावर आद्याक्षरे केली आणि त्याच्या सरकारने दोन दिवसांत ती नाकारली. ३ जुलैला ब्रिटन आणि तिबेट दोघेच तो मसुदा मान्य करून पुढे गेले. त्याआधी मार्चमध्ये या दोघांनी पत्रे देऊन-घेऊन हिमालयातली एक रेषा ठरवली होती, तीच मॅकमहोन रेषा. म्हणजे भारताच्या ईशान्य सीमेचा लेखी आधार हा तिबेटने स्वतः केलेला व्यवहार आहे. हे इथे लक्षात ठेवावे, पुढे त्याची गरज पडते.

यानंतरची दोन-तीन दशके आपुलकीची. टागोरांचा १९२४ चा चीन दौरा, १९३७ मध्ये शांतिनिकेतनात उभे राहिलेले चीन भवन, १९३८ च्या वैद्यकीय पथकातून गेलेला आणि १९४२ मध्ये उत्तर चीनमध्येच देह ठेवलेला सोलापूरचा तरुण डॉक्टर. ही आपुलकी खरी होती. तिच्या बोलण्यात तिबेट मात्र कुठे नव्हता.

मार्च १९४७ मध्ये दिल्लीच्या पुराण्या किल्ल्यात आशियाई संबंध परिषद भरली, तेव्हा हा विषय आपोआप समोर आला. स्वातंत्र्याला अजून साडेचार महिने होते. तिबेटचे प्रतिनिधी डोंगर उतरून आले होते आणि इतर देशांच्या ध्वजांबरोबर त्यांचा हिमसिंहाचा ध्वजही होता. व्यासपीठामागे आशियाचा मोठा नकाशा होता आणि त्यात तिबेट चीनच्या बाहेर दाखवला होता. चिनी शिष्टमंडळाने आक्षेप घेतला आणि नकाशा दुरुस्त झाला. तिबेटी प्रतिनिधी आपल्या जागी राहिले, त्यांचा देश नकाशावरून गेला. ते चिनी शिष्टमंडळ कम्युनिस्टांचे नव्हते, राष्ट्रवादी सरकारचे होते. तिबेटबाबतची भूमिका कम्युनिस्टांनी आणली, हा आपल्याकडचा समज त्यामुळे टिकत नाही.

आता १९५०. भारताने सिमला व्यवस्थेचे हक्क वारशाने घेतले होते : ल्हासात प्रतिनिधी, ग्यांत्से आणि यातुंगला लहानशा लष्करी तुकड्या, टपाल आणि तारेची व्यवस्था. त्याबरोबर ‘अधिसत्ता’ हा शब्दही वारशानेच आला. २६ ऑगस्ट १९५० रोजी बीजिंगमधल्या भारतीय राजदूताने चीनला जे टिपण दिले, त्यात मात्र चिनी ‘सार्वभौमत्वा’च्या चौकटीतली तिबेटची स्वायत्तता, असा शब्दप्रयोग होता. ऑक्टोबरात चिनी सैन्य पूर्व तिबेटात घुसले आणि ३१ ऑक्टोबरच्या भारतीय निषेधपत्रात शब्द पुन्हा ‘अधिसत्ता’ झाला. चीनने १६ नोव्हेंबरच्या उत्तरात आधीच्या टिपणावर बोट ठेवले : तुम्हीच तर सार्वभौमत्व म्हणालात. नजरचूक, सांकेतिक तारेतली गडबड, राजदूताचा उतावीळपणा, असे खुलासे पुढे बरेच झाले. खुलासा कोणताही घेतला तरी परिणाम एकच. १९०५ मध्ये ज्या शब्दावर वाटाघाटी मोडल्या होत्या, तो पंचेचाळीस वर्षांनी चीनला काहीही न देता मिळाला. त्याच नोव्हेंबरच्या ७ तारखेला उपपंतप्रधानांनी पंतप्रधानांना लिहिलेले सावधगिरीचे पत्र प्रसिद्धच आहे.

१९५४ चा करार या पायावर उभा आहे. वाटाघाटी ३१ डिसेंबर १९५३ ला सुरू झाल्या आणि चार महिने चालल्या. भारताने लष्करी तुकड्या सहा महिन्यांत काढून घेण्याचे, टपाल-तार-टेलिफोनची व्यवस्था आणि बारा विश्रामगृहे वाजवी किमतीला चीनच्या हवाली करण्याचे मान्य केले. ग्यांत्से, यातुंग, गार्टोक इथे व्यापारी कचेऱ्या मिळाल्या. त्या बदल्यात दिल्ली, कलकत्ता आणि कालिम्पाँग इथे चीनच्या. कराराची मुदत आठ वर्षांची. हिंदी, चिनी आणि इंग्रजी या तिन्ही भाषांतले मसुदे सारखेच अधिकृत. तिबेटी मसुदा नाही.

खिंडींचे कलम बारकाईने पाहण्यासारखे आहे. चिनी मसुद्याचा सूर असा होता की या खिंडी चीन सरकार खुल्या करत आहे. भारतीय बाजूने हरकत घेतली, कारण तसे लिहिले तर खिंडी चीनच्या ठरल्या असत्या. शेवटी वाक्य ठरले ते एवढेच : दोन्ही देशांचे व्यापारी आणि यात्रेकरू शिपकी ला, माना, नीती, कुंगरी बिंगरी, दारमा आणि लिपुलेख या खिंडींतून ये-जा करू शकतील. खिंड कुणाची हे लिहिले नाही. भारतीय बाजूने मानले की सहा खिंडींची नावे आली म्हणजे मध्य विभागातली सीमा आपोआप मान्य झाली. चीनने मानले की सीमेचा प्रश्नच निघालेला नाही. तो काढावा, असा आग्रह परराष्ट्र खात्याच्या एका माजी सरचिटणीसांनी धरला होता, ते तेव्हा मुंबईचे राज्यपाल होते. आपली सीमा पक्की आहे, आपण विषय काढला तर तो वादाचा होईल, या विचाराने तो सल्ला बाजूला ठेवला गेला.

इथे बचावाची बाजू मांडलीच पाहिजे. १९५१ पासून चिनी सैन्य ल्हासात होते, त्या वर्षीच्या मे महिन्यात चीनची सत्ता मान्य करायला लावणारा सतरा कलमी करार तिबेटवर लादला गेला होता आणि भारताकडे ते बदलण्याची लष्करी ताकद नव्हती. वस्तुस्थिती मान्य करणे कदाचित टळले नसते. पण मान्यता ही देवाणघेवाणीची वस्तू असते, आणि भारताच्या हातात तेव्हा तेवढीच एक वस्तू होती. ती कराराच्या शीर्षकात घालून देऊन टाकली, याचे समर्थन मला आजही सापडत नाही.

‘पंचशील’ या नावानेही गोंधळात भर घातली. हा शब्द बौद्ध परंपरेतला, आपल्या कानाला ओळखीचा आणि पवित्र. इंडोनेशियाने १९४५ मध्येच तो आपल्या राष्ट्रतत्त्वांसाठी घेतला होता. चिनी भाषेत मात्र याला ‘शांततापूर्ण सहजीवनाची पाच तत्त्वे’ असे सरळ राजकीय नाव आहे, त्यात बुद्धाचा मागमूस नाही. भारतीय माणसाने शील ऐकले, चिनी माणसाने कलमे वाचली. लोकसभेत एका ज्येष्ठ विरोधी नेत्याने, एका प्राचीन राष्ट्राच्या नाशावर शिक्कामोर्तब करून जन्मलेले हे तत्त्व पापातून जन्मले आहे, अशा आशयाची टीका केली. तेव्हा ती अनेकांना कडवट वाटली.

करारावर सह्या झाल्यावर तीन महिनेही झाले नव्हते, तोच १७ जुलै १९५४ ला चीनने बाराहोतीच्या कुरणात भारतीय जवान असल्याची तक्रार केली. नीती खिंडीजवळचे हे कुरण. त्याच महिन्यात पंतप्रधानांनी उत्तर सीमेची ठाम रेषा दाखवणारे नवे नकाशे छापण्याची सूचना दिली. मग जानेवारी १९५९ च्या पत्रात चिनी पंतप्रधानांनी लिहिले की मॅकमहोन रेषा ही ‘चीनच्या तिबेट प्रदेशा’विरुद्धच्या ब्रिटिश आक्रमक धोरणाची निपज आहे. कराराच्या शीर्षकातलेच शब्द. तिबेट जर नेहमीच चीनचा प्रदेश होता, तर १९१४ मध्ये त्याला सही करण्याचा अधिकार कुठला? आणि अधिकार होता, तर १९५४ चे शीर्षक कसे चालेल? भारत या कोंडीतून अजून बाहेर पडलेला नाही. करार जून १९६२ मध्ये मुदत संपून गेला आणि ऑक्टोबरात युद्ध झाले.

नंतरची हकिकत आटोपशीर सांगता येते. २००३ च्या संयुक्त घोषणापत्रात भारताने ‘तिबेट स्वायत्त प्रदेश’ चीनचा भाग मानला. १९६५ मध्ये स्थापन झालेला हा प्रशासकीय प्रदेश आहे. आम्दो आणि खाम या तिबेटच्या पारंपरिक प्रांतांचा मोठा भाग त्यात येत नाही, तो शेजारच्या चिनी प्रांतांत विभागला आहे. बदल्यात चीनने सिक्कीमला भारताचा भाग न मानण्याची अढी सोडली आणि २००६ मध्ये नथू ला उघडली. या वेळी निदान देवाणघेवाण झाली. २०१० पासून भारताने संयुक्त निवेदनांत ‘एक चीन’चा पुनरुच्चार करणे थांबवले. ब्रिटनने त्याआधीच, ऑक्टोबर २००८ मध्ये, ‘अधिसत्ता’ हा शब्द कालबाह्य म्हणून सोडून दिला होता. ज्या साम्राज्याने तो आणला, त्यानेच तो मोडीत काढला. त्यावर सीमा उभी असलेल्या देशाला कुणी विचारले नाही.

आता चीन आपल्या इंग्रजी कागदपत्रांतही ‘तिबेट’ऐवजी ‘शिझांग’ लिहितो आणि अरुणाचलला ‘झांगनान’, म्हणजे दक्षिण तिबेट, म्हणून तिथल्या गावा-डोंगरांच्या चिनी नावांच्या याद्या प्रसिद्ध करतो. ऑगस्ट २०२५ च्या निर्णयानंतर पहिला आक्षेप आला तो काठमांडूहून. लिपुलेख नेपाळचा आहे, असे नेपाळने कळवले. १९५४ च्या कलमात ती खिंड कुणाची हे लिहिलेले नव्हते.