पोलीस ठाण्याची नागरी सल्लागार समिती (मराठवाडा)

पोलीस ठाण्याच्या रोजच्या कारभारावर खात्याबाहेरच्या नागरिकांनी लक्ष ठेवावे, हद्दीतल्या लोकांच्या अडचणी प्रभारी अधिकाऱ्यापुढे मांडाव्यात आणि त्यांचे लेखी उत्तर मिळवावे, यासाठी नेमलेली स्थानिक समिती. तपास कसा करायचा, कोणाला धरायचे, कोणाला सोडायचे हे तिच्या कक्षेबाहेर असते. तिला कोणाला शिक्षाही करता येत नाही. किती अर्ज आले, त्यातल्या कितींवर गुन्हा नोंदला गेला, रात्री अकराला आलेल्या बाईला किती वेळ बसवून ठेवले, अशा प्रश्नांची उत्तरे मागणे एवढेच तिचे काम. पण ते नेटाने केले तर ठाण्याची वागणूक बदलते.

मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, बीड आणि धाराशिव हे आठ जिल्हे येतात. पोलीस आयुक्तालय फक्त छत्रपती संभाजीनगर शहराला आहे. बाकी सारा भाग जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे आणि त्यांच्यावर छत्रपती संभाजीनगर व नांदेड या दोन परिक्षेत्रांच्या विशेष पोलीस महानिरीक्षकांकडे आहे. पोलीस हा राज्यसूचीतला विषय असल्याने नगर परिषद किंवा जिल्हा परिषद यांचा पोलिसांवर ताबा नाही. त्यामुळे गावाने किंवा शहराने समिती मागितली, ठराव केला, तरी ती सल्लागारच राहते. ठाणे पातळीवर अशी समिती असलीच पाहिजे, असे बंधन कायद्याने घातलेले नाही.

पूर्वपीठिका

मराठवाड्यातली जुनी माणसे आजही वय सांगताना ‘पोलीस ॲक्शनच्या साली जन्मलो’ असे म्हणतात. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय लष्कराने निजामाच्या राज्यात केलेली कारवाई लोकांच्या तोंडी पोलिसांच्याच नावाने राहिली. १७ सप्टेंबरला हैदराबाद संस्थान शरण आले. त्याआधीच्या पिढ्यांनी सरकारचा चेहरा पाहिला तो गावचा पोलीस पाटील आणि तालुक्याचे ठाणे यांच्या रूपात. ठाण्यात जायचे ते बोलावणे आल्यावर, आणि जायचे तर कोणीतरी वजनदार माणूस सोबत घेऊन, ही सवय तेव्हापासूनची आहे. ती अजून पुरती सुटलेली नाही.

पोलीस पाटलाचे पद आता महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ खाली येते. पाटील गावचाच असतो, पण त्याची नेमणूक प्रशासन करते आणि तो खबर वर देतो. गावाच्या वतीने ठाण्याला जाब विचारणे हे त्याचे काम नाही. नागरी सल्लागार समितीचा प्रवाह नेमका उलटा, खालून वर जाणारा असायला हवा.

शांतता समितीपासून वेगळेपण

सध्या ठाण्यांभोवती अनेक समित्या आहेत. शांतता समिती, मोहल्ला समिती, महिला दक्षता समिती, पोलीस मित्र, शिवाय १५ ऑगस्ट २००७ पासून सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेच्या समित्या. यातली प्रत्येक उपयोगाची आहे. पण बहुतेक ठिकाणी नागरिकांनी पोलिसांना मदत करावी, हीच त्यांची दिशा असते.

शांतता समितीची बैठक पाहिली की फरक लगेच कळतो. गणेशोत्सव, ईद, शिवजयंती किंवा १४ एप्रिल जवळ आला की ठाण्याच्या आवारात लिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या जातात. पुढे टेबल, त्यामागे पीआय (पोलीस निरीक्षक) साहेब, शेजारी तहसीलदार आणि मुख्याधिकारी. मंडळांचे अध्यक्ष, मशिदीचे विश्वस्त, माजी नगरसेवक, दोन-चार पत्रकार समोर. मिरवणुकीचा मार्ग, डीजेचा आवाज, मंडपाची परवानगी, विसर्जनाच्या विहिरीवर दिवे, एवढ्यावर बोलणे होते. ‘आमचं गाव शांतताप्रिय आहे, सहकार्य करू,’ असे चार जण म्हणतात. चहा येतो, नोंदवही सह्यांसाठी फिरते. सण पार पडला की समिती पुढच्या सणापर्यंत भेटत नाही. विहिरीवरची मोटार आणि केबल चोरीला गेलेल्या शेतकऱ्याचा अर्ज तीन महिने नुसता ‘चौकशीवर’ का आहे, हा प्रश्न त्या खुर्च्यांवरून विचारला जात नाही, कारण तो विषयपत्रिकेवर नसतो आणि विषयपत्रिका ठाण्यात तयार होते.

म्हणून समिती खरी सल्लागार आहे की नुसती सोबतीला आहे, हे ओळखायला तीन गोष्टी पाहाव्यात. बैठक कोण बोलावतो, विषय कोण ठरवतो आणि इतिवृत्त कोण लिहितो. तिन्ही ठाण्याच्या हातात असतील तर समितीचे नाव काहीही ठेवले तरी ती शांतता समितीच होय.

या दोहोंच्या मधला एक प्रयोग महाराष्ट्रानेच पाहिला आहे. १९८४ च्या दंगलीने पोळलेल्या भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला कमिट्या उभारल्या. हवालदारापासून अधिकाऱ्यापर्यंत सगळ्यांनी वस्तीत जाऊन, दोन्ही समाजांतल्या साध्या माणसांबरोबर नियमित बसायचे, अशी ती रचना होती. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. त्या कमिट्यांचे बळ पुढाऱ्यांत नव्हते, रोजच्या ओळखीत होते. केरळने २००८ मध्ये सुरू केलेल्या ‘जनमैत्री’ योजनेतही ठाण्यागणिक नागरिकांची समिती आणि बीटवरच्या (नेमून दिलेल्या भागातल्या) पोलिसाने घरोघर जाणे यांची सांगड आहे.

कायद्याने आधीच दिलेल्या जागा

नवी समिती मागण्याआधी हातात काय आहे ते पाहणे गरजेचे आहे, कारण लोकांना ते क्वचितच कोणी सांगते.

अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) नियम, १९९५ मधील नियम १७ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात दक्षता व नियंत्रण समिती असते. जिल्हाधिकारी अध्यक्ष, लोकप्रतिनिधी व पोलीस अधीक्षक सदस्य, आणि अनुसूचित जाती-जमातींतले तसेच स्वयंसेवी संस्थांतले अशासकीय सदस्य. तीन महिन्यांतून किमान एक बैठक घ्यावीच लागते. ॲट्रॉसिटीच्या गुन्ह्यांत साठ दिवसांत तपास पुरा होऊन दोषारोपपत्र जायला हवे. ते गेले का, पीडितांना अर्थसाहाय्य मिळाले का, हे तिथे विचारता येते. १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाड्यातल्या गावागावांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार होईपर्यंतचा काळ ज्यांनी पाहिला, त्यांना या समितीचे मोल सांगावे लागत नाही. पोलिसांच्या कामावर बाहेरच्या माणसाने हक्काने प्रश्न विचारावा, अशी सोय जिल्ह्याच्या ठिकाणी आजही आहे ती इथे. अशासकीय सदस्याने बैठकीआधी गुन्हा क्रमांकांची यादी हातात घेऊन जाणे, यावर सारे अवलंबून असते.

दुसरी जागा तक्रार प्राधिकरणाची. पोलीस सुधारणांबाबतच्या प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी सात निर्देश दिले. ठाणे प्रभारीला किमान दोन वर्षांचा कार्यकाळ द्यावा, हा त्यातला एक. राज्य आणि जिल्हा पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरण नेमावे, हा दुसरा. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस अधिनियमात सुधारणा केली, पण जिल्ह्याऐवजी महसूल विभागाची पातळी धरली. मराठवाड्याचे आठही जिल्हे एकाच विभागात येतात. नांदेड जिल्ह्याच्या टोकाला असलेल्या किनवटच्या माणसाला विभागाचे ठिकाण, छत्रपती संभाजीनगर, साडेतीनशेहून अधिक किलोमीटर पडते. कोठडीत मार खाल्लेल्या मजुराने एवढा प्रवास करून, दिवसाची मजुरी बुडवून, तारखांना हजर राहावे ही अपेक्षाच चुकीची आहे. जिल्ह्याचे प्राधिकरण विभागावर नेण्याने मराठवाड्याचे मोठे नुकसान झाले, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. स्थानिक सल्लागार समितीची गरज इथूनच सुरू होते.

तिसरी जागा कॅमेऱ्यांची. परमवीर सिंग सैनी खटल्यात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्याचे प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडा, अधिकाऱ्यांच्या खोल्या इत्यादी ठिकाणी सीसीटीव्ही बसवायला आणि चित्रण अठरा महिने, किमान एक वर्ष जपायला सांगितले. त्यावर देखरेखीसाठी जिल्हा समिती नेमली, आणि तिच्यात महापौर किंवा जिल्हा परिषदेचा प्रमुख यांना स्थान दिले. लोकांनी निवडून दिलेला माणूस कोठडीच्या चित्रणाबद्दल विचारू शकतो, ही साधी गोष्ट नाही. मात्र २०२२ नंतर बराच काळ जिल्हा परिषदांवर प्रशासक होते, म्हणजे ही एकमेव लोकनियुक्त खुर्चीही त्या काळात सरकारी अधिकाऱ्याकडेच गेली.

डिसेंबर २०२४

९ डिसेंबर २०२४ रोजी बीड जिल्ह्यात मस्साजोगच्या सरपंचांची अपहरण करून हत्या झाली. दुसऱ्याच दिवशी परभणीत रेल्वे स्थानकाजवळ डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, ११ तारखेच्या बंदला हिंसक वळण लागले, धरपकड झाली आणि अटकेतल्या एका कायद्याच्या विद्यार्थ्याचा १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. या मृत्यूप्रकरणी गुन्हा नोंदवण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जुलै २०२५ मध्ये दिला. तोवर सात महिने गेले होते आणि एका आईला न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या होत्या.

या दोन घटनांनंतर पोलिसांवरच्या विश्वासाचा प्रश्न मराठवाड्यात घराघरांत बोलला गेला. बीडमध्ये गुन्ह्याकडे जातीच्या चष्म्यातून पाहिले जाते, ही लोकांची धारणा इतकी घट्ट झाली की २०२५ मध्ये जिल्हा पोलिसांनी गणवेशावरच्या नावाच्या पट्टीवरून आडनावच काढून टाकले. पाऊल चांगले होते. पण तक्रारदाराला अंमलदाराचे आडनाव दिसले नाही, तरी अंमलदाराला तक्रारदाराचे आडनाव दिसतेच. ते तो स्वतःच अर्जावर लिहितो.

रचना आणि कामकाज

समिती ठाण्याच्या हद्दीपुरती असावी, जिल्ह्याची नको. जिल्ह्याची समिती सभागृहात भरते आणि तिथे गावचे बोलणे पोचत नाही. दहा-बारा सदस्य पुरेत. निम्म्या महिला असाव्यात. हद्दीत पारधी वस्ती असेल तर त्या वस्तीतला माणूस हवाच. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी गावात चोरी झाली की पोलिसांची पहिली गाडी आजही त्यांच्या पालावर (तंबूंच्या वस्तीवर) जाते, आणि त्या गाडीबद्दल बोलू शकेल असे दुसरे कोणी बैठकीत नसते. एखादी आशा कार्यकर्ती, एखादा निवृत्त शिक्षक, बाजार समितीतला हमाल, वकील संघाचा प्रतिनिधी अशी माणसे उपयोगी पडतात. वाळूचा ठेका घेणारे, सावकारी करणारे आणि ठाण्यात ‘काम करून देतो’ म्हणणारे मध्यस्थ यांना दूर ठेवावे लागते. नाहीतर समितीचे ओळखपत्र हेच त्यांचे दुकान होते.

गुन्हा दाखल असलेल्याला सदस्य करू नये, अशी अट सहज घातली जाते. ती जशीच्या तशी घेऊ नये. मराठवाड्यात पीकविमा, पाणी, आरक्षण यांसाठी रस्त्यावर उतरलेल्या किती तरी कार्यकर्त्यांवर आंदोलनाचे गुन्हे आहेत. सरसकट अट घातली तर प्रश्न विचारणारेच बाहेर राहतात.

सदस्यांची मुदत अधिकाऱ्याच्या कार्यकाळाशी जोडू नये. पीआय बदलून गेला की ठाण्याची आठवण पुसली जाते, नव्या साहेबाला जुने अर्ज माहीत नसतात. समितीचे निम्मे सदस्य एका वेळी आणि निम्मे वर्षाने बदलले तर ती आठवण समितीकडे राहते.

बैठकीत वैयक्तिक खटल्यांची चर्चा नको. पीडितेचे नाव तर कधीच निघू नये. आकडे आणि पद्धत यांवर बोलावे. महिन्यात आलेले तक्रार अर्ज, त्यातले अदखलपात्र (न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही असे) म्हणून नोंदलेले, तक्रारदाराला एफआयआरची मोफत प्रत मिळाली का, सुपुर्दनाम्यावर (मालकाच्या ताब्यात देण्याच्या लेखी हमीवर) परत द्यायचा मुद्देमाल किती पडून आहे, कॅमेरे सुरू आहेत का. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७ प्रमाणे अटक केलेल्यांची नावे, पत्ते आणि गुन्ह्याचे स्वरूप ठाण्यात ठळकपणे लावावे लागते. तो फलक भिंतीवर आहे का आणि त्यावरची तारीख आजची आहे का, हे कोणत्याही सदस्याला दारातून पाहता येते. गुन्हा नोंदवायला नकार मिळाला तर कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांकडे आणि पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते, हे तक्रारदाराला सांगणेही समितीचेच काम. उत्तर तोंडी घेऊ नये. इतिवृत्त समितीच्या सचिवाने लिहावे, त्याची प्रत अधीक्षक कार्यालयाला जावी आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी.

बैठकीची वेळ हा मराठवाड्यात दुय्यम विषय नाही. बीड, जालना, परभणी, धाराशिवमधून ऊसतोड कामगार दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. उचल (आगाऊ रक्कम) घेतली पण टोळी गेली नाही, मुकादमाने (मजूर पुरवणाऱ्याने) पैसे बुडवले, कुटुंबाला कारखान्यावर अडकवून ठेवले, या तक्रारी जाण्याआधीच्या महिन्यात आणि परतल्यावर येतात. त्यामुळे अशा हद्दीतल्या समितीची एक बैठक गाड्या निघण्याआधी, सप्टेंबरात, आणि एक पाडव्यानंतर तांड्यावर किंवा वस्तीवरच व्हावी लागते. त्याही संध्याकाळी घ्याव्यात, मजुरीवरून माणसे घरी आल्यावर.