दोन नळ्यांची जवारी

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी लावताना, म्हणजे तारांखालची घोडी घासून त्यांचा नाद खुलवताना, बघत बसायला मला आवडतं. कारागीर घोडीवर हलकेच कानस फिरवतो, तार चढवतो, छेडतो, तोंड वाकडं करतो, तार उतरवतो. पुन्हा कानस. इथली घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांची. त्यामुळे तिथे बसून मला दुनळी रायफल आठवावी, यात नवल नाही.

दोन नळ्या अगदी समांतर बसवल्या, तर दोन्ही गोळ्या शेजारीशेजारी लागायला हव्यात. लागत नाहीत. उजवी नळी मध्यरेषेच्या उजवीकडे असते. ती झाडली की धक्का बंदुकीला नुसता मागे ढकलत नाही, वर उचलतो आणि उजवीकडे वळवतो. डावीचं उलट. गोळी नळीत असते जेमतेम एक-दोन सहस्रांश सेकंद. पण .470 नायट्रो एक्स्प्रेस या मोठ्या शिकारीच्या काडतुसाची गोळी 500 ग्रेनची, म्हणजे सुमारे 32 ग्रॅम, आणि तिचा वेग सेकंदाला साधारण 650 मीटर. तेवढ्या वेळातही नळीचं तोंड सरकतं. म्हणून नळ्या पुढे किंचित जवळ आणतात.

किती जवळ? नुसत्या गणितानं ते जमत नाही. नळ्यांच्या तोंडांमध्ये पाचर असते. कारागीर दोन्ही नळ्या निशाण्यावर झाडतो, छिद्रं बघतो, सोल्डर तापवून पाचर केसभर सरकवतो, पुन्हा झाडतो. जवारीच म्हणा ना.

ही जुळणी एकाच काडतुसापुरती. दारू बदलली, वेग बदलला, की दोन्ही गोळ्यांची फारकत. जुनं कॉर्डाइट, म्हणजे बंदुकीची बिनधुराची दारू, उन्हात जास्त दाब द्यायचं, म्हणून हिंदुस्थानासारख्या उष्ण देशांसाठी त्याचं प्रमाण कमी ठेवलेली काडतुसं निघत. (शिकारीला आपल्याकडे 1972 च्या कायद्यानं चाप लावला, ते बरंच झालं.)

लोक या रायफलींवरची नक्षी बघून हरखतात. मला विचाराल तर नक्षी हा त्यातला सर्वात कमी महत्त्वाचा भाग. खरी करामत सांध्यात असते. धुरकट दिव्यावर धरून पोलादाला काजळी लावायची, नळ्या बसवून बंदूक मिटायची, परत उघडायची. समोरच्या भागावर जिथे काळा ठिपका उमटला, तिथेच कानशीचा एक हलका हात. ठिपके सगळीकडे सारखे पसरेपर्यंत दिवा विझत नाही.