अंशाधारित मानसोपचार (विघटनशील अस्मिता विकृतीतील)

विघटनशील अस्मिता विकृती असलेल्या व्यक्तीच्या मनातील परस्परांपासून तुटलेल्या अंशांशी संवाद साधून त्यांच्यात ओळख, स्मृतींची देवाणघेवाण आणि सहकार्य घडवून आणणारी उपचारपद्धती. ‘अंश’ याऐवजी अहंअवस्था, उपव्यक्तिमत्त्व असे शब्दही रूढ आहेत. मात्र प्रत्येकामागची सैद्धांतिक भूमिका निराळी आहे. या विकृतीचे बहुव्यक्तिमत्त्व हे जुने नाव अमेरिकन मनोविकार वर्गीकरणाच्या चौथ्या आवृत्तीत (1994) बदलले गेले. माणसे अनेक नसून एकाच माणसाची अस्मिता एकसंध झालेली नाही, ही दृष्टी त्यामागे होती.

या पद्धतीच्या उगमाबाबत एकमत नाही. काही लेखक तिचे मूळ फ्रेंच मानसशास्त्रज्ञ प्येर जाने यांच्या 1889 च्या मानसिक स्वयंचलनावरील (जाणिवेच्या ताब्याबाहेर आपोआप घडणाऱ्या मानसिक क्रियांवरील) ग्रंथात पाहतात. काही जण मनोविश्लेषक पाउल फेडर्न यांच्या अहंअवस्थेच्या कल्पनेला पहिला मान देतात. ती कल्पना एदोआर्दो वाइस यांच्यामार्फत जॉन वॉटकिन्स यांच्यापर्यंत आली. जॉन व हेलन वॉटकिन्स यांनी साधारणतः 1970 च्या दशकात संमोहनाच्या साहाय्याने अहंअवस्था उपचारपद्धती विकसित केली. अंशांशी बोलण्याचे तंत्र फेडर्न परंपरेतून आणि उपचाराचे टप्पे जाने यांच्याकडून आले, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. रिचर्ड श्वार्ट्झ यांची अंतर्गत कुटुंबव्यवस्था पद्धती (1980 चे दशक) कुटुंबोपचारातून निघाली. तिच्यातील व्यवस्थापक (रोजचे जीवन ताब्यात ठेवणारे), अग्निशामक (वेदना उफाळताच ती घाईने दाबणारे) व निर्वासित (वेदना वाहणारे, मनात दूर लोटलेले) अंश आणि त्यांच्यापलीकडचा शांत ‘स्व’ ही मांडणी आज सर्वाधिक परिचित आहे.

येथे एक भेद महत्त्वाचा आहे. श्वार्ट्झ यांच्या मते अंश प्रत्येक निरोगी मनात असतात. या विकृतीत मात्र अंशांमध्ये विस्मरणाची भिंत असते आणि एका अंशाने केलेले दुसऱ्याला ठाऊक नसते. व्हॅन डर हार्ट, नायनहाउस व स्टील यांनी (2006) संरचनात्मक विघटनाचा सिद्धांत मांडताना ‘वरकरणी सामान्य’ (रोजचे जीवन चालवणारे) आणि ‘भावनिक’ (आघाताच्या अनुभवात अडकलेले) व्यक्तिमत्त्व या संज्ञा चार्ल्स मायर्स यांच्याकडून घेतल्या. मायर्स यांनी त्या पहिल्या महायुद्धातील सैनिकांच्या संदर्भात 1940 मध्ये वापरल्या होत्या. या भेदामुळेच श्वार्ट्झ यांची पद्धती जशीच्या तशी लागू करणे धोक्याचे ठरते. निर्वासित अंशाकडे घाईने गेल्यास आघाताच्या आठवणींचा लोंढा येतो आणि रुग्ण पुन्हा त्याच भीतीत सापडतो.

उपचार साधारणतः तीन टप्प्यांत होतो : सुरक्षितता व स्थैर्य, आघातस्मृतींवर काम, आणि एकात्मीकरण. पहिला टप्पा अनेकदा कित्येक वर्षे चालतो. जॉर्ज फ्रेझर यांच्या तंत्रात (1991) रुग्ण कल्पनेत एका टेबलाभोवती सर्व अंशांना बसवतो. एरवी उपचारक समोर असलेल्या अंशाशी बोलतानाच आतले इतरही ऐकत आहेत असे धरून बोलतो. छळणारा, धमकावणारा अंश बहुधा अत्याचार करणाऱ्याची नक्कल करत असतो. त्याला हुसकावून लावायचे नसते; आणखी मार बसू नये म्हणून तो हे शिकला, हे त्याच्याशी आदराने बोलून समजून घ्यावे लागते. अनुभवी उपचारक यालाच सर्वांत नाजूक काम मानतात. कोणत्याही अंशाच्या कृतीची जबाबदारी मात्र संपूर्ण व्यक्तीचीच राहते. आवडता अंश निवडणे, नवे अंश सुचवणे किंवा एखाद्याला नाहीसे करू पाहणे निषिद्ध आहे.

एकात्मीकरण ही प्रदीर्घ प्रक्रिया, तर विलीनीकरण (अंश एकमेकांत मिसळून त्यांचे वेगळेपण संपणे) ही तिच्यातील घटना, असा फरक केला जातो. रिचर्ड क्लफ्ट यांनी विलीनीकरण मान्य करण्यासाठी स्मृतिसातत्य आणि वेगळेपणाच्या खुणांचा अभाव किमान तीन महिने टिकला पाहिजे, असा निकष सुचवला. अनेक रुग्ण विलीनीकरणाऐवजी अंशांच्या सलोख्यावर थांबतात. तोही सन्मान्य पर्याय आहे.

निकोलस स्पॅनोस आदी टीकाकारांच्या मते अंश हे सूचनेतून व सामाजिक अपेक्षांतून घडतात आणि त्यांच्याशी बोलण्याने ते पक्के होतात. आघातकेंद्री अभ्यासकांना हे सर्वसाधारण स्पष्टीकरण म्हणून मान्य नाही. तथापि सूचक प्रश्न टाळण्याची शिस्त या टीकेमुळे बळावली. बेथानी ब्रँड व सहकाऱ्यांच्या अभ्यासात टप्प्याटप्प्याने उपचार घेणाऱ्यांमध्ये 30 महिन्यांच्या पाठपुराव्यात विघटनाची लक्षणे व स्वतःला इजा करण्याचे प्रमाण घटलेले आढळले. त्यात तुलनेसाठी नियंत्रण गट नव्हता.