ई-टाइप विरुद्ध ९११: वेग आणि सोयीच्या वादाची पार्श्वभूमी

जॅग्वार ई-टाइप आणि पोर्शे ९११ यांची तुलना निघाली की शौकीन मंडळी पहिलीला वेगाचे आणि दुसरीला सोयीचे गुण देऊन मोकळी होतात. १९६५ सालापुरते ते बरोबरही आहे. पुढे मात्र दोघी उलट दिशांना गेल्या, त्यामुळे गाडी कोणत्या सालची, हे आधी विचारायला हवे.

ई-टाइपचे घराणेच शर्यतीचे. १९५५ ते १९५७ अशी सलग तीन वर्षे फ्रान्समधली ल मांची २४ तासांची शर्यत जिंकणाऱ्या डी-टाइपचा आकार माल्कम सेयर यांनी आखला होता. विमान कारखान्यात काम केलेल्या या गृहस्थांनीच ई-टाइपचीही रेषा ओढली. मार्च १९६१मध्ये ती जिनिव्हाच्या प्रदर्शनात आली. ३.८ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन, २६५ हॉर्सपॉवर, ताशी १५० मैलांचा (सुमारे २४० किमी) दावा, आणि किंमत ॲस्टन मार्टिन डीबी४च्या जवळपास निम्मी! गर्दी इतकी उसळली की आणखी एक गाडी जॅग्वारचे चाचणीचालक नॉर्मन ड्युइस यांनी रातोरात इंग्लंडमधल्या कव्हेंट्रीहून चालवत आणली. प्रत्यक्ष विकलेल्या बहुतेक गाड्या त्या १५०च्या थोड्या अलीकडेच थांबत. सोयीची तर बोंबच: दोघांपुरतीच जागा, पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअर सहज पडू देणारी रचना) नाही, रहदारीत इंजिन तापणार. बंद छताच्या कूपेला मागे उघडणारे दार होते आणि सामान बरे मावे, हे टीकाकार सोयीस्कर विसरतात.

सप्टेंबर १९६३मध्ये फ्रँकफर्टला पोर्शेने ३५६ची वारसदार मांडली, नाव ९०१. मध्ये शून्य असलेल्या आकड्यांवर प्यूजोने हक्क सांगितल्याने ती ९११ झाली. दोन लिटर, १३० हॉर्सपॉवर, ताशी २१० किमी. कागदावर ती हरलेलीच. पण मागे मुलांपुरत्या जागा होत्या आणि इंजिन हवेने थंड होणारे, म्हणजे रेडिएटर उकळायची भानगडच नाही. खोट वेगळीच होती. इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे, त्यामुळे वळणात घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की शेपटी फिरे. पोर्शेने आधी पुढच्या बंपरमध्ये चक्क वजने बसवली, मग १९६९च्या मॉडेलला व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर) ५७ मिमीने वाढवला.

ई-टाइप इकडे सुखवस्तू होत गेली: १९६४मध्ये ४.२ लिटर आणि नवा गिअरबॉक्स, १९६६मध्ये लांबवलेली २+२, म्हणजे मागे आणखी दोन छोट्या जागा असलेली. अमेरिकेच्या धूरनियमांनी तिथल्या गाड्यांचा जोर घटवला, १९७१चे ५.३ लिटरचे बारा सिलिंडरचे व्ही-१२ इंजिन हे त्यावरचे उत्तर. गाडी आरामशीर झाली, पण जडही.

९११ने १९६८ ते १९७० अशी सलग तीनदा माँटे कार्लो रॅली जिंकली. १९७३च्या मॉडेलची कॅरेरा आरएस २.७ लिटरमध्ये २१० हॉर्सपॉवर देऊन ताशी २४० किमीपर्यंत पोहोचली.

ई-टाइपचे उत्पादन १९७४मध्ये थांबले. जॅग्वार २००८पासून टाटा मोटर्सकडे आहे. ९११ अजून बनते, मात्र १९९७मध्ये आलेल्या ९९६ पिढीपासून तिचेही इंजिन पाण्यानेच थंड होते.