ग्रामपंचायतीचा उमेदवारी अर्ज: कागद कुठे अडतात आणि जिंकलेली जागा नंतर कशी जाते

जानेवारी 2021 मधल्या निवडणुकीतली आमच्या भागातली एक ग्रामपंचायत. नऊ जागा, एका पॅनलच्या पाच, दुसऱ्याच्या चार. त्या वेळी सरपंच सदस्यांमधून निवडला जायचा, त्यामुळे पाचवाल्यांचा सरपंच झाला आणि गुलाल उधळून झाला. पुढे पाचांतल्या एका ताईंचं जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत आलं नाही, त्यांची जागा गेली. सरपंचांकडे निवडणूक खर्चाचा हिशोब दिल्याचा पुरावाच नव्हता, तेही अपात्र ठरले. राहिले तीन विरुद्ध चार. नवा सरपंच दुसऱ्या पॅनलचा झाला. मधे कुणी फुटलं नाही, कुणी मतदान केलं नाही, दोन कागदांनी गावाची सत्ता बदलली.

त्यानंतर मी गावात अर्ज भरायला बसलेल्या प्रत्येकाला एकच सांगतो: अर्ज छाननीत टिकला म्हणजे काम संपलं असं नाही. कागद पाच वर्षं टिकले पाहिजेत.

पात्रतेचा सोपा भाग आधी उरकतो. वय 21 पूर्ण हवं. नाव त्याच ग्रामपंचायतीच्या मतदार यादीत हवं. जन्म 1 जानेवारी 1995 रोजी किंवा त्यानंतरचा असेल तर किमान सातवी पास असल्याचा पुरावा लागतो. त्याआधी जन्मलेल्यांना ही अट नाही. उमेदवार गावातल्या कुठल्याही प्रभागातून उभा राहू शकतो, पण सूचक (अर्जावर तुमचं नाव सुचवणारा) मात्र ज्या प्रभागातून अर्ज भरताय त्याच प्रभागाचा मतदार हवा. सख्खा भाऊ सूचक म्हणून आणला आणि त्याचं नाव शेजारच्या प्रभागात निघालं, असं दर निवडणुकीत होतं. सूचकाचा यादीतला भाग आणि अनुक्रमांक स्वतः डोळ्यांनी बघा. सरपंच 2022 पासून पुन्हा थेट जनतेतून निवडला जातो, त्याचा अर्ज वेगळा.

जात वैधता, म्हणजे सगळे जिला ‘व्हॅलिडिटी’ म्हणतात ती

राखीव जागेवर सर्वांत जास्त माणसं इथे अडकतात. जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो. तो खरा आहे की नाही हे जिल्हा जात पडताळणी समिती (अनुसूचित जमातीसाठी वेगळी समिती) तपासते आणि मग वैधता देते. उमेदवारी अर्ज भरताना वैधता हातात नसेल, तर समितीकडे अर्ज केल्याची पोच आणि मुदतीत प्रमाणपत्र देण्याचं हमीपत्र जोडून अर्ज भरता येतो. या सवलतीमुळेच लोक निवांत होतात. ‘निवडून तर येऊ, मग बघू’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकलं तरी धडकी भरते.

मुदत मूळ कायद्यात सहा महिन्यांची. काही निवडणुकांसाठी शासनाने ती बारा महिने केली. तुमच्या निवडणुकीला किती, हे शेजाऱ्याला विचारू नका, तुम्ही सही केलेल्या हमीपत्रात वाचा. ही मुदत निवडून आल्याचं जाहीर झाल्याच्या दिवसापासून मोजतात. पहिल्या बैठकीपासून नाही, उपसरपंच निवडीपासूनही नाही. बिनविरोध आलेल्यांनाही ती लागू आहे.

मुदत चुकली तर काय, याबद्दल फार गैरसमज आहे. ‘समितीकडूनच उशीर झाला, माझा काय दोष?’ हा युक्तिवाद चालत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2016 मध्ये ही मुदत बंधनकारक ठरवली आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम ठेवलं. निवड पूर्वलक्षी प्रभावाने रद्द होते. मुदत संपल्यानंतर प्रमाणपत्र आलं तरी गेलेली जागा परत येत नाही. कार्यालयाने दोन-दोन सुनावण्या पुढे ढकलायच्या आणि शिक्षा उमेदवाराने भोगायची, हे मला आजही अन्यायाचं वाटतं. पण कायदा तसा आहे, म्हणून पडताळणीचा अर्ज निवडणूक जाहीर व्हायची वाट न बघता करावा. आरक्षण सोडत निघाली आणि जागा आपल्या प्रवर्गाला गेली, की दुसऱ्या दिवशी कामाला लागा.

समितीला नेमकं काय हवं असतं? जुना पुरावा. अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा, अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा आणि इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा. स्वतःचा शाळा सोडल्याचा दाखला या तारखांच्या नंतरचाच असतो, त्यामुळे वडील, आजोबा, चुलत आजोबा यांच्याकडे जावं लागतं. आजोबा शाळेतच गेले नव्हते, असं निम्म्या घरांत ऐकायला मिळतं. मग गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदी, म्हणजे गाव नमुना 14 किंवा कोतवाल बुक, तहसीलच्या अभिलेख कक्षात शोधा. नोंद मोडीत असेल तर अधिकृत जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या. वडिलांच्या बाजूच्या रक्ताच्या नात्यातल्या कुणाकडे वैधता असेल तर सगळ्यात आधी त्याच्याकडे जा. तो एक कागद दहा कागदांचं काम करतो.

लग्न झालेल्या महिला उमेदवारांसाठी हे दोनदा वाचा. जात माहेरची लागते. दाखला माहेरच्या नावाचा, पुरावे वडील-आजोबांचे. सासरचे सगळे उतारे जमवून फाईल फुगवलेली मी पाहिली आहे; त्यातला एकही कागद उपयोगाचा नव्हता. सुरुवातीला ज्या ग्रामपंचायतीचं सांगितलं, तिथल्या जागा गेलेल्या ताईंचं माहेर दुसऱ्या जिल्ह्यातलं, वडील वारलेले, भावाशी बोलणं बंद. त्या प्लास्टिकच्या पिशवीत कागद घालून तीन वेळा माहेरच्या शाळेत गेल्या. प्रवेश-निर्गम रजिस्टरच्या त्या पानाला वाळवी लागलेली, आजोबांच्या नावापुढचा जातीचा रकाना अर्धा खाल्लेला. दुसरा पुरावा मिळेपर्यंत मुदत उलटून गेली. निवडणुकीआधी दोन महिने शोध सुरू झाला असता तर त्यांची जागा वाचली असती.

माहेरचं आणि सासरचं नाव एकाच व्यक्तीचं आहे हे दाखवायला विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्रातली नोंद लागते. आधार, मतदार यादी आणि दाखला यांत नाव तीन प्रकारे लिहिलेलं असेल तर तेही आधीच नीट करून घ्या.

दोन अपत्यं

12 सप्टेंबर 2001 नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे एकूण संख्या दोनाच्या वर गेली, तर अपात्रता. त्या तारखेआधीच तीन-चार असतील आणि नंतर एकही वाढलं नसेल, तर अडचण नाही. एका अपत्यानंतर जुळी झाली तर ती जुळी एकच धरली जातात. तिसरं मूल नातेवाइकाला दत्तक दिलं म्हणून सुटका होते असं समजू नका. ही अट अर्जाच्या दिवसापुरती नाही, सदस्य असताना तिसरं मूल झालं तरी पद जातं.

अतिक्रमण, थकबाकी, शौचालय

शासकीय किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण असेल तर अपात्रता. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये हेही स्पष्ट केलं की मूळ अतिक्रमण सासऱ्यांनी किंवा नवऱ्याने केलेलं असलं, तरी त्या जागेत राहून लाभ घेणारा सदस्य सुटत नाही. गावठाणालगत गायरानात वाढवलेली पडवी, रस्त्यावर आलेला ओटा, हे सगळं विरोधक मोजून ठेवतात. मात्र आरोप झाला की लगेच घाबरून राजीनामा देऊ नका. जळगाव जिल्ह्यातल्या एका महिला सरपंचांना अशाच आरोपावरून काढलं होतं. त्या सासूपासून वेगळ्या, भाड्याच्या घरात राहतो असं सांगत होत्या. सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना काढण्याचा आदेश रद्द केला आणि लोकांनी निवडून दिलेल्या महिलेला इतक्या सहज काढण्याच्या वृत्तीवर ताशेरे ओढले. वेगळं राहत असाल तर भाडेकरार, वीजबिल, वेगळी शिधापत्रिका जपून ठेवा.

घरपट्टी आणि पाणीपट्टी अर्जाआधी भरून पावती आणि ग्रामपंचायतीचा थकबाकी नसल्याचा दाखला घ्या. कायद्यात मागणीचं बिल बजावल्यापासून तीन महिने दिले आहेत. निवडून आल्यावरही तोच नियम लागू असतो, म्हणून दरवर्षी बिल आलं की भरून टाका. ज्यांच्याकडून दाखला घ्यायचा ते ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) दोन-तीन गावं सांभाळतात. शेवटच्या दिवशी ते नेमके दुसऱ्या गावात असतात.

शौचालयाचा दाखला ग्रामसभेच्या ठरावासह लागतो. घर स्वतःचं नसलं तरी तिथलं किंवा सार्वजनिक शौचालय वापरता हे चालतं, पण ते लिहून हवं. ऐनवेळी ग्रामसभा मिळत नाही, म्हणून हा ठराव आधीच्या ग्रामसभेतच करून ठेवावा.

ग्रामपंचायतीच्या कामाचा ठेका तुमच्याकडे किंवा तुमच्या भागीदाराकडे असेल, तर तोही अर्जाआधी संपलेला हवा.

अर्ज भरण्याचे दिवस

अर्ज राज्य निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर भरायचा, छापील प्रत काढून सही करायची आणि शपथपत्रासह (गुन्हे, मालमत्ता, शिक्षण) निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे द्यायचा. वेळ सहसा सकाळी 11 ते दुपारी 3. शेवटच्या दिवशी संकेतस्थळ रेंगाळतं, सेतू केंद्रावर रांग लागते. शपथपत्रातला एकही रकाना कोरा ठेवू नका. लागू नसेल तिथे ‘निरंक’ लिहा. खर्चासाठी बँकेत स्वतंत्र खातं उघडा, जुनं बचत खातं दाखवू नका. छाननी, माघार, चिन्हवाटप हे आयोगाच्या वेळापत्रकाप्रमाणे होतं. फक्त छाननीला स्वतः हजर राहा, सगळ्या मूळ प्रती घेऊन.

अर्ज बाद झाला तर मधेच न्यायालय निवडणूक थांबवेल ही आशा धरू नका. राज्यघटनेतच त्याला आडकाठी आहे. निकालानंतर 15 दिवसांत दिवाणी न्यायालयात निवडणूक याचिका करता येते.

हिशोबाचे 30 दिवस

निकाल जाहीर झाल्यापासून 30 दिवसांत खर्चाचा हिशोब द्यायचाच. जिंकलेल्यांनी, हरलेल्यांनी आणि बिनविरोध आलेल्यांनीही. ‘मी एक रुपया खर्च केला नाही’ असं असेल तर तेच लिहून द्यायचं. न देणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येतं. 2021 च्या निवडणुकीत सदस्यपदासाठी मर्यादा 7 आणि 9 जागांच्या ग्रामपंचायतीत 25 हजार, 11 आणि 13 मध्ये 35 हजार, 15 आणि 17 मध्ये 50 हजार रुपये होती. चहा, जीपचं भाडं, बॅनर, सगळं रोजच्या रोज वहीत लिहा. महिन्याने कुणालाच आठवत नाही.

आमच्या त्या सरपंचांनी हिशोब तयार केला होता. वही व्यवस्थित होती, पावत्या डकवलेल्या होत्या. तहसीलमध्ये द्यायला ज्याला पाठवलं त्याने ती टेबलावर ठेवली आणि पोच न घेता परत आला. नोटीस आली तेव्हा हातात दाखवायला काहीच नव्हतं. पोच घेताना शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक तिन्ही आहेत ना ते तिथेच उभं राहून बघा, मगच पायरी उतरा.