अटकून राहिलेली पट्टी

"मामा, हे अटकून राहिलं ना!"

पोळ्याची संध्याकाळ. नागपूरच्या प्रतापनगरात बहिणीकडे पुरणपोळी अंमळ जास्तच झाली होती आणि मी आडवा व्हायच्या बेतात होतो. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. सोसायटीतली पोरं आपापले लाकडी नंदी सजवून आणणार, मोठ्यांकडून बोजारा म्हणजे खाऊचे पैसे घेणार आणि गेटजवळच्या टीव्हीवर सहावीतल्या भाचीने केलेली पट्टी फिरणार, असं ठरलेलं: 'तान्ह्या पोळ्याच्या शुभेच्छा'. अक्षरं उजवीकडून येतात, डावीकडे निघून जातात, पुन्हा उजवीकडून येतात. एवढंच काम. पण पट्टी डाव्या कडेला पोचली की 'च्छा'चा शेवटचा काना तिथेच चिकटून बसायचा. आत येईना, बाहेर जाईना.

ती वापरत होती स्क्रॅच. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबमधून २००७ साली आलेली ही मुलांसाठीची प्रोग्रॅमिंगची प्रणाली. यात आज्ञा टाइप करायच्या नसतात, रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे असतात. चित्रं जिथे हलतात तो मंच ४८० एकक रुंद आणि ३६० एकक उंच. शून्य बरोबर मधोमध, म्हणजे उजवी कड अधिक २४० वर आणि डावी कड उणे २४० वर. भाचीचा मूळ कार्यक्रम (प्रोग्रॅम) दोन ठोकळ्यांचा: 'सतत' आणि त्याच्या पोटात 'एक्स उणे ५ ने बदला', म्हणजे दर वेळी ५ एकक डावीकडे. स्क्रॅच मंच सेकंदाला ३० वेळा नव्याने रंगवतं आणि दर वेळी 'सतत'चा एक फेरा होतो. म्हणून वेग सेकंदाला १५० एकक. कुठलंही एक अक्षर या कडेपासून त्या कडेपर्यंत ३.२ सेकंदांत जातं, मग संदेश चार शब्दांचा असो की चाळीस. वाचणाऱ्याच्या हातात असतात ते एवढेच सेकंद.

सरकवणं सोपंच आहे. खरी कटकट कडेला.

तिचा पहिला प्रयत्न असा: एक्स उणे २४० पेक्षा कमी झाला की पट्टी परत उजवीकडे. पण एक्स म्हणजे पट्टीच्या मध्याची जागा. चित्राखाली स्क्रॅच त्याची लांबी-रुंदी दाखवतं. तिची पट्टी ६०० एकक लांब होती. मध्य कडेला पोचतो तेव्हा अर्धी पट्टी अजून मंचावरच असते. म्हणजे 'शुभेच्छा' वाचायच्या आतच गायब. पोरीने गणित सुधारलं. निम्मी लांबी ३००, त्यात २४० मिळवले, उणे ५४० पर्यंत जाऊ द्यायचं. उत्तर अगदी बरोबर. आणि नेमकी तेव्हापासूनच पट्टी अटकली.

याचं कारण स्क्रॅचने मंचाला घातलेलं अदृश्य कुंपण. पोरांचं चित्र मंचाबाहेर जाऊन हरवू नये म्हणून त्याचा थोडासा भाग, जास्तीत जास्त १५ एककं, आतच धरून ठेवला जातो. त्यामुळे ६०० लांबीची पट्टी उणे ५२५ च्या पुढे सरकतच नाही. कार्यक्रम उणे ५४० ची वाट बघतो, तो आकडा कधी येत नाही, अट कधी पुरी होत नाही. चूक दाखवणारा संदेशही नाही, कारण चूक झालेलीच नाही. हेतू चांगला असला तरी हे कुंपण मला पटत नाही. काढायची सोय तरी द्यायची! पण दिलेली नाही, तेव्हा त्याच्याशी जमवून घेणं आलं.

आम्ही दोन गोष्टी केल्या. परत फिरायची अट 'एक्स उणे ५२० पेक्षा कमी' अशी केली. आणि मंचाच्या दोन्ही कडांना २० एकक रुंदीचे दोन खांब काढून ते सगळ्यांच्या पुढच्या थरात ठेवले. उरलेली १५ एककं खांबाआड लपली. खांबांवर भाचीने आंब्याच्या पानांचं तोरणही बांधलं. पूर्ण फेरी अधिक ५२५ पासून उणे ५२५ पर्यंत, १,०५० एककांची, म्हणजे बरोबर ७ सेकंदांची.

सीताबर्डीत दुकानांच्या माथ्यावर लाल अक्षरं धावतात त्यांना हा त्रास नाही, कारण तिथे काही धावतच नाही. त्या धंद्यात 'पी-टेन' म्हणतात तो तुकडा ३२ गुणिले १६ ठिपक्यांचा असतो, दोन ठिपक्यांत १० मिलिमीटर अंतर. दिवे जागेवर ठाम. कुठला पेटायचा एवढंच बदलतं. १९२८ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये १४,८०० दिव्यांच्या पट्ट्यावर अमेरिकेतल्या निवडणुकीचे निकाल फिरले, तेही याच तत्त्वावर. धाव आपल्या डोक्यात तयार होते.

डोळ्याची आणखी एक गंमत लगेच दिसली. पट्टी संथ वाटते म्हणून भाचीने ५ चे १५ केले, आणि अक्षरं पुसट झाली. पडद्यात बिघाड नव्हता. आपला डोळा सरकत्या अक्षराचा अखंड पाठलाग करतो. अक्षर मात्र सेकंदाचा तिसावा भाग जागचं हलत नाही आणि मग एकदम उडी मारतं. तेवढ्या वेळात नजर पुढे गेलेली असते, म्हणून अक्षर दृष्टिपटलावर उडीच्या लांबीइतकं फरफटतं. उडी ५ एककांची असेल तर चालून जातं. १५ ची झाली की काना आणि शेजारचं अक्षर एकमेकांत मिसळतात. पुन्हा ५ केले.

मग बाईसाहेबांना नवीन सुचलं. पडद्यावर काढलेल्या नंदीच्या तोंडून तेच वाक्य एकेक अक्षर करत उमटायला हवं. स्क्रॅचमध्ये 'अमुक क्रमांकाचं अक्षर' देणारा ठोकळा आहे, तो तिने लावला. नंदी बोलू लागला: त, ता, तान, तान्, तान्ह, तान्ह्, तान्ह्य, तान्ह्या.

"हा नंदी तोतरा काहून झाला?"

वाक्याची लांबी विचारली तर स्क्रॅच २८ सांगतं. भाचीने बोटांवर मोजली तर अक्षरं आठ. दोघंही खरे. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या सर्वमान्य पद्धतीत, काना, वेलांटी, पायमोडका हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हं आहेत, त्यामुळे एकट्या 'न्ह्या'त सहा चिन्हं: न, हलन्त, ह, हलन्त, य, काना. दुसरं चिन्ह एकटंच मागितलं तर ठिपक्यांच्या वर्तुळाला टेकलेला नुसता काना पुढ्यात येतो. इंग्रजीत एक चिन्ह म्हणजे एक अक्षर, त्यामुळे ठोकळा बनवणाऱ्याला हा प्रश्न पडला नसावा.

तोडगा हाताचाच. स्क्रॅचमध्ये यादी बनवता येते. त्यात भाचीने एकेक घास स्वतः भरला: ता, न्ह्या, मग मोकळी जागा, पो, ळ्या, च्या, पुन्हा मोकळी जागा, शु, भे, च्छा. दहा नोंदी. नंदीने त्या एकेक करून जोडल्या आणि अजिबात न अडखळता वाक्य पुरं केलं.

"मामा," ती म्हणाली, "उद्या बोजारा डबल लागन."